लुकिचच्या प्रदर्शनात काय देत होते

वेनियामिन लुकिच आमच्या फ्लॅटमध्ये राहायचा, म्हणजे खरं तर आमच्या न्हाणीघरात राहायचा. खोली त्याला होती. त्या खोलीत बायकोही होती, आणि माझ्या मते म्हणूनच तो न्हाणीघरात राहायचा. फ्लॅट एक, बिऱ्हाडं चार, न्हाणी एक. टॉवेल खांद्यावर टाकून जावं तर दाराला आतून कडी, फटीत जुनी चादर कोंबलेली आणि आतून लुकिचचा आवाज, "रिम्मा, जरा थांब, लोक भिजतायत." रिम्मा म्हणजे मी, लोक म्हणजे आम्हीच. आम्ही बाहेर पारोसे उभे आणि आमचे फोटो आत निवांत आंघोळ करतायत, असा आमचा समाजवाद होता.

मग ते फोटो दोरीवर वाळत पडायचे. दोरी पण सामायिक. माझ्या सासूच्या लोकरी चड्ड्या, त्याला लागून पावाच्या दुकानापुढे उभी असलेली माझी सासू, मग पुन्हा तिच्याच चड्ड्या. म्हातारी म्हणायची, मला दोन्हीकडून लटकवलंय मेल्यानं.

लुकिच आमच्या पेर्म शहरातल्या एका मोठ्या कारखान्यात फोटोग्राफर होता. काम सोपं. फाटकापाशी मानाचा फलक होता, त्यावर आदर्श कामगारांचे फोटो लागायचे, ते हा काढायचा. आदर्श कामगाराला कोट हवा. कामगारांकडे तो नसायचा, म्हणून स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असायचा. कधीकाळी अस्वलाच्या मापाने शिवलेला. लुकिचने तो पाठीतून वरपासून खालपर्यंत चिरला होता आणि दोन्ही बाजूंना बुटाच्या नाड्या लावल्या होत्या. सडपातळ आला की नाड्या आवळायच्या, धिप्पाड आला की सोडायच्या. पुढून बघाल तर मंत्री. मागून बघाल तर ऑपरेशनला निघालेला पेशंट. हे शेवटचं माझं नाही, तोस्यामावशीचं. तोस्यामावशी आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, कारखान्यात क्रेन चालवायची आणि तिचा आवाज क्रेनशिवाय चौथ्या मजल्यावर चढायचा. फलकावर ती दर वर्षी असायची. बाईला कोट कशाला म्हणून तिने विचारलं होतं. लुकिच म्हणाला, "आदर्श माणसाला बाई-बुवा नसतं मावशी, नुसता कोट असतो." अशा रीतीने आमच्या कारखान्यातले सगळे थोर लोक वीस-बावीस वर्षं एकाच कोटातून थोर झाले.

पण हे झालं पोटापाण्याचं. आदर्श कामगार संपले की रोलमध्ये थोडी फिल्म उरायची, आणि ती उरलेली आमच्या वाट्याला यायची. लुकिच आपल्या ओव्हरकोटाखाली कॅमेरा दडवून गावभर फिरे. मासळीच्या दुकानासमोरची रांग. टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या दोरीत ओवून, गळ्यात हार घातल्यासारखी ऐटीत घरी निघालेली शाळामास्तरीण. अंगणात गालिचा बडवणारी माझी सासू, तोंडावर असा भाव की गालिचा म्हणजे मीच. एकदा पार्टीच्या ऑफिसात बोलावून त्याला विचारलं होतं, रांगांचे फोटो कशाला काढतोस. त्याने सांगितलं, भिंग तपासत होतो. त्यांनी सांगितलं, भिंग आकाशाकडे करून तपास. मग काही दिवस तो आकाशाचे फोटो काढत होता. पुन्हा रांगेवर आला. आकाशाला तोंड नसतं, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको अलेव्हतिना मात्र वैतागलेली. ती म्हणे, दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, निदान शुद्धीवर आल्यावर बोलतात तरी. हा तर अंधारात बसतो आणि तोस्याचे पाय बघतो.

तोस्याच्या पायांचं खरं होतं. सगळ्या फोटोंत लुकिचचा जीव एका फोटोत होता. सॉसेजच्या रांगेत तोस्यामावशी पालथ्या खोक्यावर बसलीय, एक बूट काढलाय, मोज्याच्या भोकातून टाच बटाट्यासारखी बाहेर आलीय, ती टाच दोन्ही हातांनी चोळतेय आणि मान मागे टाकून हसतेय. असं हसतेय की तिचे पडलेले दात मोजावेत. मागची अख्खी रांग तिच्याकडे बघून हसायच्या बेतात. त्या दिवशी सॉसेज आमच्या पुढ्यात संपलं होतं, आणि त्यावर ती काय बोलली होती ते मी इथे लिहीत नाही. लुकिच मला म्हणाला होता, "रिम्मा, आपण कसे होतो असं उद्या कुणी विचारलं ना, तर हे एवढं दाखवायचं आणि गप्प बसायचं."

मग काळ पालटला. मॉस्कोत काय चाललं होतं ते टीव्हीवर दिसे, आमच्याकडे फक्त एवढं दिसे की दुकानं पूर्वी अर्धी रिकामी असायची ती आता पूर्ण रिकामी होती, आणि त्याबद्दल मोठ्याने बोलायला परवानगी होती. साखरेला कुपनं, साबणाला कुपनं, व्होडकाला कुपनं. त्याच हिवाळ्यात कामगार क्लबच्या मॅनेजरने लुकिचला बोलावलं. म्हणाला, आता सगळं चालतं, तुझ्या त्या रांगा लाव भिंतीवर, लोकशाही आहे.

आणि नेमकं तेव्हाच मॉस्कोच्या एका मासिकातल्या बाईने कळवलं की साध्या माणसांच्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तक निघतंय, परदेशात छापलं जाणार आहे, मी सोमवारी येते, प्रदर्शन बघते आणि निवडते. लुकिच अक्षरशः उजळला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण जिन्यात शीळ घालायला लागला. कारखान्याच्या कपाटात फोटोच्या कागदाचा शेवटचा गठ्ठा होता, नवा येणार नाही असं भांडारवाल्याने सांगितलं होतं. तो सगळा गठ्ठा त्याने न्हाणीघरात आणला. आठवडाभर आमच्यापैकी कुणीही आंघोळ केली नाही. तक्रारही केली नाही. आपण पुस्तकात जाणार म्हटल्यावर माणूस घामट राहायला तयार असतो.

रविवारी उद्घाटन. प्रश्न पडला कपड्यांचा. लुकिचचा एकुलता स्वेटर कोपरावर फाटलेला. अलेव्हतिना म्हणाली, "जा की तुझ्या त्या कोटात. सगळ्या गावाला आदर्श केलंस, एक दिवस तू हो." तिने टोमणा मारला होता, पण यालाच ते पटलं. मीच त्याच्या पाठीवरच्या नाड्या बांधल्या. कोट त्याला खूपच मोठा, नाड्या कितीही आवळल्या तरी मागे शर्टाची पट्टी दिसत राहिली. मी म्हटलं, "लुकिच, दिवसभर भिंतीला पाठ लावून उभे राहा. पुढून तुम्ही झकास दिसता." तो म्हणाला, "मी कुठे हिंडणार आहे, हिंडायचं लोकांनी."

आता जे झालं ते नीट सांगते, कारण गावात याच्या तऱ्हा अनेक आहेत आणि त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या आहेत.

क्लबच्या पहारेकऱ्याकडे किल्ली होती आणि पहारेकरी आदल्या रात्रीतून अजून परतला नव्हता. दारावर पाटी लावायची राहून गेली होती. लुकिच मागच्या दाराने आत गेलेला, शेवटचे खिळे ठोकत होता. पुढे थंडीत आम्ही तिघी-चौघी उभ्या, दार उघडायची वाट बघत. एवढंच. बंद दार आणि त्यापुढे चार बायका.

समोरून ट्रॅम गेली. ट्रॅममधल्यांनी आम्हाला बघितलं आणि पुढच्या स्टॉपवर उतरून उलट धावत आले. पहिलीने विचारलं, शेवटी कोण? मी म्हटलं, मी. ती माझ्यामागे उभी राहिली. तिच्यामागे दुसरा. तो म्हणाला, काय देतायत? ती म्हणाली, अजून उघडलं नाही. हे उत्तर फार पोहोचलेलं आहे. उघडलं नाही म्हणजे माल ताजा आहे. पाहता पाहता रांग कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. मागून बातम्या पुढे यायला लागल्या. आधी बूट, फिनलंडचे. मग बूट नाही, कॉफी. कुणाच्या तरी भावजयीने मागच्या दाराने खोकी आत जाताना बघितली होती, आणि ते खरंही होतं, लुकिचच्या फ्रेमा त्याच खोक्यांतून गेल्या होत्या. एका निवृत्त फौजी दिसणाऱ्या माणसाने लोकांच्या तळहातावर नंबर लिहायला घेतले. मी सांगत होते की आत फोटो आहेत. मागची म्हणाली, "हो का, मग तुम्ही जा की घरी. रांग कमी होईल."

तोस्यामावशी रांगेत मधोमध होती. तिला प्रदर्शनाचं ठाऊक होतं, पण तिने मागच्यांचं ऐकून ठरवलं की फोटो दर्शनी असणार आणि माल आतल्या खोलीत.

दुपार कलायला आली तेव्हा पहारेकरी उगवला. दार उघडलं. लोक आत घुसले, जाळीच्या पिशव्या हातात तयार, आणि आत गेल्यावर सगळ्यांची पावलं एकदम थांबली. भिंतींवर रांगा होत्या. मासळीची, पावाची, साबणाची. त्याच टोप्या, त्याच पिशव्या, तेच चेहरे. सकाळपासून थंडीत रांगेत उभं राहून त्यांना बघायला मिळालं ते रांगेत उभं राहिलेलं त्यांचं स्वतःचं तोंड.

लुकिच पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभा, मानाच्या कोटात, चेहऱ्यावर इतका आनंद की बघवेना. त्याला वाटलं लोक भारावले आहेत.

मग तोस्यामावशीला तिची टाच दिसली. ती जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिने फ्रेम खिळ्यावरून उचलली आणि काखेत मारली.

लुकिच जागेवरून म्हणाला, "मावशी, ते द्यायचं नाहीये. उद्या बाई येणार आहेत मॉस्कोहून."

"द्यायचं नाहीये?" तोस्या म्हणाली. "मग रांग कशाला लावलीस रे?"

आणि खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं ते एवढंच की काहीतरी आहे, आणि ते देत नाहीयेत. असं ऐकलं की आपल्या लोकांना पुढचं शिकवावं लागत नाही. हात भिंतीकडे गेले. मागून ओरडा झाला की एकेकाला एकच, मागच्यांना पुरणार नाही. तो फौजी दाराशी उभा राहून तळहात तपासत होता, ज्याला नंबर नाही त्याला फोटो नाही. इतक्या शिस्तीत काम चाललं की काय सांगू. कुणी आपला चेहरा शोधून घेतला, कुणाला आपला सापडला नाही म्हणून शेजारणीचा घेतला, एकीने नुसत्या फ्रेमेची काच बरी आहे म्हणून घेतला. मीही एक घेतला, मासळीच्या दुकानाचा. का सोडू? मी तर पहिल्या चौघींतली होते.

लुकिच अजून भिंतीला चिकटून. हात पुढे करून म्हणतोय, अहो, अहो ऐका, पण पाठ सोडवत नाहीये. शेवटी मागच्या भिंतीवरच्या फ्रेमेला कुणीतरी हात घातला तेव्हा तो धावला. कोटाच्या नाड्या सुटून मागे लोंबत होत्या, चिरेतून पाठभर शर्ट बाहेर आलेला. आधी एक जण हसला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हाच की तो कोट." त्या खोलीत अर्धे लोक असे होते ज्यांनी आयुष्यात एकदा तरी तो कोट चढवला होता, आणि प्रत्येकाला आतापर्यंत वाटत होतं की नाड्यांचं गुपित आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे. सगळी खोली हसली. सकाळपासूनचा गारठा, कॉफी, बूट, सगळं त्या हसण्यात निघालं. लुकिच मधोमध उभा राहिला, धावायचा थांबला, आणि कुणाकडेही न बघता नाड्या चाचपत राहिला. त्या पाठीवर असतात, स्वतःच्या हाताला येत नाहीत.

सोमवारी मॉस्कोची ती बाई आली, चष्मेवाली. तिला भिंतींवर खिळे दिसले. शहाणी होती, हसली नाही. म्हणाली, पुन्हा छापा आणि पाठवून द्या, मी थोडे दिवस थांबते.

कागद नव्हता, पण निगेटिव्ह होत्या, कारखान्याच्या स्टुडिओत, टिनच्या डब्यांत. लुकिच म्हणाला, कागदाचं बघू. तो बघेपर्यंत वसंत गेला, मग ऑगस्टमध्ये मॉस्कोत रणगाडे आले, मग देशच गेला. कारखान्याने स्टुडिओ एका व्यापाऱ्याला भाड्याने दिला. लुकिच डबे आणायला गेला तर दाराला नवं कुलूप आणि आत तुर्की जाकिटांचे ढीग. व्यापारी म्हणाला, त्या जुन्या फिल्मा होय, त्या चांदीवाल्याला दिल्या, फिल्मवर चांदी असते ना, धुऊन काढतात. लुकिचला ते माहीत नव्हतं असं नाही. घरी येऊन मला म्हणाला, "रिम्मा, सगळ्यांची मिळून चमचाभर निघाली असेल ग." पुन्हा त्याविषयी बोलला नाही. कॅमेरा त्याच हिवाळ्यात बटाट्यांच्या मोबदल्यात गेला.

न्हाणीघर मोकळं झालं. आम्ही वाटेल तेव्हा आंघोळ करू लागलो. अलेव्हतिना म्हणायची, आता बघा, बोलायला वेळ आहे त्याला आणि बोलायला काही नाही.

पुढे स्मशानाच्या फाटकापाशी थडग्यांवरचे फोटो करणाऱ्याच्या टपरीत त्याला काम मिळालं. चिनी मातीच्या लंबगोल चकत्यांवर मेलेल्याचा चेहरा भाजून देतात, तो दगडात बसवायचा. त्या वर्षांत या धंद्याला तोटा नव्हता. माणसं पटापट जात होती, कुणी बनावट व्होडकाने, कुणी हृदयाने, कुणी उगाचच, जगायचं विसरल्यासारखी. घरचे फोटो शोधायचे, आणि साध्या माणसाच्या घरात फोटो किती असणार? ओळखपत्र म्हणून सगळ्यांकडे असतो त्या पासपोर्टवरचा एक, आणि प्रदर्शनातून आणलेला एक.

अशा रीतीने लुकिचचे फोटो त्याच्याकडे परत आले. एकेक करून, मालक मेला की.

टपरीवाला कंजूष. एका गिऱ्हाइकामागे फिल्मवर एकच फ्रेम काढू द्यायचा, म्हणून जी काही सुधारणा करायची ती आधी मूळ फोटोवरच, ब्रशने. घरच्यांचं मागणं ठरलेलं. मागची माणसं नकोत, पिशवी नको, ती फाटकी टोपी नको, जरा नीटनेटकं दिसू दे, बाबांचा तो मानाच्या फलकावरचा कोट होता ना, तसा. मग लुकिच बसायचा आणि आपल्याच हाताने आपली रांग काळ्या रंगात बुडवायचा. पिशवी बुडाली, दुकान बुडालं, शेजारीण बुडाली. गळ्याखाली कोट काढायचा. कोट त्याला डोळे मिटून काढता यायचा. मी एकदा म्हटलं, "लुकिच, आता नाड्या लागत नाहीत हे बरं." तो म्हणाला, "रंगवताना मागची बाजू नसतेच ना."

मग तोस्यामावशी गेली. जिन्यातच बसली, भाजीची पिशवी मांडीवर, आणि उठली नाही. तिची मुलगी फोटो घेऊन टपरीवर आली. मी बरोबर होते, कारण मुलीला एकटीला रडू येत होतं आणि मला घरी बसवत नव्हतं. लुकिचने वरचा कागद काढला. खोकं, टाच, पडलेले दात, मागची रांग. इतकी वर्षं तोस्याने तो कपाटात चादरींखाली ठेवला होता, एक सुरकुती नाही.

लुकिच म्हणाला, "पोरी, हा नको. पासपोर्टवरचा आण."

मुलगी म्हणाली, त्यात आई ओळखू येत नाही. यातलाच चेहरा हवा. फक्त काका, तोंड मिटवा तिचं. थडग्यावर हसणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील.

"तुझ्या आईने तोंड कधी मिटलं होतं का ग?" लुकिच म्हणाला.

मुलगी रडायला लागली. म्हणाली, म्हणूनच तर.

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. मी त्याच्याकडे बघत होते. टपरीवालाही बघत होता, वेगळ्या कारणाने. लुकिचने ब्रश बुडवला. आधी मागची रांग गेली. मग टाच. तोंडापाशी आल्यावर तो थांबला, चष्मा पुसला, आणि दोन बारीक फटकाऱ्यांत ओठ मिटले. तोस्यामावशी एकदम कुणीतरी दुसरीच झाली, जिने आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही अशी. मग कोट.

परत येताना ट्रॅममध्ये मी त्याला छळावं म्हणून काहीतरी शोधत होते. सापडलं नाही.

त्यानंतर तो संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागला. माझ्या शेगडीच्या वर तो मासळीचा फोटो लटकत होता, धुराने जरा पिवळा पडलेला. चहा पिता पिता तो बघत बसे. मी म्हटलं, "घेऊन जा, तुमचाच आहे." म्हणाला, "राहू दे. तुझ्याकडे आहे म्हणून वाचलाय. तू अजून मेली नाहीस."

"मी मेल्यावर मला कोट नको," मी म्हटलं.

"तुझ्या मापाचा रंगच नाही टपरीत," तो म्हणाला. तेवढ्यापुरता जुना लुकिच दिसला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तो गेला. अलेव्हतिनाने त्याला त्याच कोटात पाठवलं, तो त्या रविवारपासून घरातच पडून होता, दुसरं होतं काय, आणि पेटीत पाठ कुणाला दिसते. दगडावर फोटो लावायचा तर ज्याने साऱ्या गावाचे फोटो काढले त्याचा, पासपोर्टवरचा शिक्क्याखाली गेलेला सोडला तर, एकही नाही. टपरीवाला म्हणाला, तुमच्याकडे कुठे मागे-पुढे उभा असेल तर बघा. मी माझा मासळीचा फोटो नेला. दुकानाच्या काचेत, रांगेच्या डोक्यांवरून, लुकिच आहे. बारकासा, धूसर, पण आहे. फक्त तोंडाच्या जागी कॅमेरा आहे. टपरीवाल्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, कॅमेरा पुसता येईल, पण खाली काय काढू? मी फोटो परत आणला. दगड कोराच आहे.

या उन्हाळ्यात चष्मेवाली पुन्हा आली. आता केस पांढरे. लुकिचचं काही शिल्लक आहे का म्हणून दारोदार विचारत होती. मी तिला आधी स्मशानात पाठवलं. म्हटलं, तिथे मोठं प्रदर्शन आहे, फाटकातून सरळ जा, सगळे एकाच कोटात. ती जाऊन आली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मग तिची नजर शेगडीच्या वर गेली.

मागितला. मी दिला नाही. मग तिने टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढला, खिडकीचा उजेड काचेवर येत होता तो हाताने अडवत. नावं विचारली. मी रांगेच्या शेवटापासून सांगत गेले, ही आमची सासू, हा इसिदोर सुतार, ही शाळामास्तरीण, ही तोस्या, ही मी. काचेतला हा लुकिच. तिने सगळं लिहून घेतलं.

मग तिने विचारलं की त्या दिवशी काय मिळत होतं.

मी फोटोकडे बघितलं. सगळ्यांची तोंडं दाराकडे, सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या. मासळीचं दुकान असलं म्हणून मासळीच असायची असं काही नव्हतं. एकदा तिथे नुसती मीठ लावलेली काकडी आली होती, एकदा बूटपॉलिश. मी खूप आठवून बघितलं. ज्यांना विचारता आलं असतं त्या सगळ्यांवरून मी नुकतीच बोट फिरवून आले होते.

मी म्हटलं, "आठवत नाही हो. काहीतरी देत होते."